तारीख सांगा

२ ऑगस्ट १९८७, उदगीर

ह्यांची पलटण लंकेला निघाली. बातमी सासूबाईंनीच आणली, जळकोटच्या मोटारीनं, हातात साखरेची पुडी घेऊन. तार नेहमी त्यांच्या गावी जाते. भरतीच्या कागदावर घरचा पत्ता गावचा आहे आणि नाव आईचं, लग्न होऊन चार वर्षं झाली तरी तेच. पत्रं मात्र मला येतात.

तर साखर. वस्तीत घरोघर वाटली. प्रत्येक दारात एकच वाक्य — "माझा येंकटी बुद्धाच्या देशात चाललाय." विहाराच्या कमिटीतल्या थोरल्या मंडळींना हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. त्यांनी माझ्याकडे रीतसर मागणी नोंदवली. रजेवर येताना अनुराधपुराच्या बोधिवृक्षाची एक फांदी आणावी, ओल्या फडक्यात गुंडाळून, मुळं फुटतील अशी.

मी म्हणाले, अहो ते बंदूक घेऊन चाललेत, यात्रेला नाही.

"बाई, शांतिसेना म्हणतेत तिला. नावातच शांती हाय."

खोटं कशाला लिहू, मलाही बरं वाटलं. वरती बर्फात उभं राहण्यापेक्षा हे बरं. मीही साखर खाल्ली.

१५ ऑगस्ट १९८७

पाऊस नाही. झेंडावंदनाला मुली घागरी घेऊन आल्या, कारण टँकर त्याच वेळेला यायचा होता. हेडमास्तरांनी घागरी भिंतीआड ठेवायला लावल्या. पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून!

पाहुणे म्हणजे गुरुपादप्पा. कापडाचे मोठे व्यापारी, सत्तेतल्या पक्षाचे, आणि आता जिल्हा परिषदेत शिक्षण सभापती. आम्हा मास्तरणींच्या बदल्यांची दोरी त्यांच्या हातात. भाषणात मला उभं केलं. "ह्या चांगुणाबाई. ह्यांचे मालक लंकेत शांती करायला गेलेत. लढाई न्हाईच. दोघांचं भांडण मिटवायचं अन् दिवाळीच्या आत घरी." टाळ्या.

शिवमूर्ती वकीलही शेजारी बसलेले. ते विरोधी पक्षाचे. म्हणाले, देशाच्या प्रश्नात आमचा पक्ष खांद्याला खांदा लावून उभा आहे. दोघे सख्खे साडू. स्टेजवर एकमेकांचे वाभाडे काढतात, घरी एका पंगतीला जेवतात. आज वाभाडेही काढले नाहीत. लंका भलतीच गुणाची दिसते.

टँकर उद्या नक्की, असं गुरुपादप्पा जाताना म्हणाले.

१६ ऑगस्ट १९८७

टँकर आला नाही.

२० ऑक्टोबर १९८७

लढाई सुरू झाली. रेडिओवर सांगितलं. ज्या तमिळांना वाचवायला गेले त्यांच्याशीच.

मी सरळ दुकानात गेले. गुरुपादप्पा गादीवर बसून दिवाळीची लुगडी दाखवत होते. "लढाई न्हाई हो बाई, बंदोबस्त हाय. गणपतीत पोलीस लावतो की न्हाई आपण?" मी म्हणाले, गणपतीत पोलीस मरत नाहीत. गिऱ्हाइकानं हातातलं लुगडं खाली ठेवलं. त्यांनी नोकराला मला पाणी द्यायला सांगितलं. एवढ्या दुष्काळात पाणी देतात म्हणजे माणूस वाईट नाही. पण मी प्याले नाही.

३ फेब्रुवारी १९८८

ह्यांचं पत्र. "इकडे पिंपळ दिसला नाही. जिथं आहोत तिथं ताडाची झाडं आणि शंकराची देवळं, आपल्या उदगिरासारखी. बुद्ध दुसऱ्या टोकाला आहे म्हणतात. आलो तेव्हा लोकांनी हार घातले होते. आता आम्ही दिसलो की दारं लावून घेतात. माझ्या शेजारचा कदम कालपासून नाही. कमिटीला फांदीचं जमणार नाही म्हणून सांग."

कमिटीला सांगितलं. थोरल्यांतले एकजण म्हणाले, "मग कुणाच्या कामाला नेलं म्हणावं पोराला?"

हाच माझा प्रश्न. आजपासून मी तो सोडणार नाही.

१४ एप्रिल १९८८

जयंतीच्या मिरवणुकीत शिवमूर्ती वकील भेटले. विचारलं, कधी आणणार परत? "जिंकत आलोत बाई. अशा वेळी माघार म्हणजे आत्महत्या." मी म्हणाले, हे तर गुरुपादप्पांचं वाक्य. "वाक्य कुणाचं बी असू दे, वरून आलंय."

वरून म्हणजे कुठून, हे दोघांनाही ठाऊक नसावं. वरून पाऊस येत नाही, वाक्यं बरी येतात.

९ जून १९८९

आज मी फार बोलले. लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी फिरवलं तर मला माझं खरं माहीत असेल.

लंकेचंच सरकार म्हणतंय, तुमची फौज जुलैअखेर न्या. मला वाटलं सुटलो. घरचा यजमान जा म्हणतोय, पाहुण्यानं पिशवी उचलायची, एवढंच. पण गुरुपादप्पांनी आज टाउन हॉलमध्ये आम्हा फौजींच्या बायकांचा सत्कार ठेवला. शाल आणि नारळ. शाल त्यांच्याच दुकानातली, जूनच्या उन्हाळ्यात, लोकरीची. भाषणात म्हणतात, "कुणी जा म्हणलं की निघायचं, ही आपली रीत न्हाई. राष्ट्राची इज्जत हाय. काम पुरं करूनच आपले वाघ येतील."

दोन वर्षांपूर्वी दिवाळी म्हणाला होता हा माणूस!

आभाराचे दोन शब्द बोला म्हणून माइक माझ्या हातात दिला. चूक त्यांची. मी म्हणाले, "शाल दिली, आभारी आहे. आता तारीख द्या. काम कोणतं ते सांगू नका, ते तुम्हालाही माहीत नाही. तारीख सांगा. लग्नाची काढता, बाजाराची काढता, निवडणुकीची तर लगेच काढता."

मागून बायका म्हणाल्या, "हाव, तारीख सांगा." मग सगळ्याच म्हणायला लागल्या. गुरुपादप्पांनी रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "कळवतो." म्हणजे टँकरच.

घरी आल्यावर आतून असं हलकं वाटलं की दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

११ जुलै १९८९

कळवलं! माझी बदली झाली. मुदतीच्या आधी, प्रशासकीय कारणास्तव, निलंगा तालुक्याच्या पार टोकाला, ओढा ओलांडला की कर्नाटक.

पूर्वी आमचा जिल्हा उस्मानाबाद होता. दाद मागायची तर दोन दिवस मोडायचे. आता लातूर स्वतंत्र जिल्हा झाला, सगळी ऑफिसं जवळ आली. अन्याय पण जवळ आला. सकाळी सही, संध्याकाळी हातात.

सासूबाई गावाहून धावत आल्या. मला वाटलं रागावतील. त्यांनी माझं सामान बांधायला घेतलं आणि म्हणाल्या, "बोललीस ते बेस केलीस. माझ्या मनातलं बोललीस. मला माइक दिला असता तर मी शिव्याच दिल्या असत्या." त्या देतील यात शंका नाही.

२३ सप्टेंबर १९८९

इथली शाळा म्हणजे दोन खोल्या आणि चिंचेचं झाड. पोरी अर्ध्या मराठी, अर्ध्या कानडी बोलतात. घरमालकीण मल्लम्मा, एकटीच, साठीची. मी रेडिओपाशी बसले की ती पण बसते. कळत काही नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून बातमी ओळखते.

आजची बातमी — करार झाला, फौज वर्षअखेर परत. आणि काय आश्चर्य, गावात गुरुपादप्पांची जीप फिरली, भोंग्यावर — "शांतिसेना परत आणणारे आम्हीच." जूनमध्ये राष्ट्राची इज्जत होती. सप्टेंबरात इज्जत कुठं गेली? निवडणूक लागणार म्हणतात.

मी भोंग्याला शिव्या देत होते. मल्लम्मा म्हणाली, "होगली बिडू." म्हणजे जाऊ दे, सोड. मी म्हणाले, हे मला जमणार नाही.

वर्षअखेर. तारीख म्हणावी अशी ही पहिलीच. भिंतीवर दिनदर्शिकेच्या शेवटच्या पानाला खूण केली आहे.

२९ ऑक्टोबर १९८९

दिवाळी. सासूबाईंकडे जाणार होते, तर त्यांचा निरोप — त्या पुण्याला लेकीकडे गेल्या. माझ्याशिवाय त्यांनी कधी दिवाळी केली नाही. लेक आजारी आहे म्हणे. मल्लम्मानं करंज्या दिल्या.

ह्यांचं पत्रही नाही. दसऱ्याच्या आधी आलेलं शेवटचं.

८ नोव्हेंबर १९८९

सासूबाईंकडून सांगावा आला — "येंकटीचं पत्र आलंय, बरा हाय, काळजी करू नको." पत्र आईला, आणि मला नाही? माझा नवा पत्ता हरवला असणार. की रागावलेत? मी असं काय केलं?

१७ नोव्हेंबर १९८९

शिवमूर्ती वकिलांनी जीप पाठवली. उदगीरच्या मैदानात सभा, त्यांच्या पक्षाचे दिल्लीचे पाहुणे येणार. वकील म्हणाले, "तुमची बदली रद्द करतो. अन् आमचं सरकार आलं की महिन्यात फौज परत. लिहून घ्या." मी म्हणाले, लिहून नको, स्टेजवर बोला. बोलले! हजारो लोकांसमोर बोलले — "एका महिन्यात." आणि मला शाल घातली. ही दुसरी. ही दुसऱ्या दुकानातली.

मग मी बोलले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. समोर बायाच बाया बसलेल्या, तोंडात आलं ते बोलले. "शेजारणीचं पातेलं लग्नकार्याला उसनं नेलं तरी आपण घासून पुसून, जसं नेलं तसं परत देतो. पोचा आला तर शेजारीण घेत नाही, नवं मागते. माझा माणूस धडधाकट नेलात. तुमच्या कोणत्या कार्याला नेलात ते तुमचं तुम्हाला ठाऊक. जसा नेला तसा परत द्या. पोचा पडलेला मी घेणार नाही."

बाया उठून उभ्या राहिल्या. पाहुणे मराठी कळत नसताना टाळ्या वाजवत होते. आयुष्यात इतकी ताकद मला कधी वाटली नव्हती.

२० नोव्हेंबर १९८९

लातूरच्या पेपरात फोटो. माइकसमोर मी, हात वर, तोंड उघडं. वर मोठ्या अक्षरात — "पोचा पडलेला माणूस घेणार नाही". इथले मास्तर माझ्याकडे आता जरा जपून बघतात.

सासूबाई स्वतः आल्या, दोन मोटारी बदलून. खूप वाळल्यात. लेकीचं दुखणं काढून माणूस वाळणारच. फोटोवरनं बोट फिरवलं. "काय लिवलंय?" म्हटलं, तुमच्या लेकाला परत द्या असं लिहिलंय. डोळ्याला पदर लावला. एरवी दहा प्रश्न विचारतात, आज एक नाही. पेपर मागून घेतला, घडी करून पिशवीत ठेवला. परत पुण्याला निघाल्या आहेत, तिकडे दाखवते म्हणाल्या. मुक्कामालाही राहिल्या नाहीत.

९ डिसेंबर १९८९

सरकार बदललं! दिल्लीत नवे लोक. मल्लम्माला गूळ दिला.

१० डिसेंबर १९८९

आजपासून महिना मोजायला हरकत नाही.

२ जानेवारी १९९०

दिनदर्शिका बदलली. जुनीवरची खूण तशीच राहिली. नवे म्हणतात मार्चअखेर.

सासूबाईंचे निरोप येतात, "बरा हाय." मी ह्यांना चार पत्रं टाकली. उत्तर नाही. रागच असेल. पलटणीतल्या लोकांनी चिडवलं असेल, बायको पुढारीण झाली म्हणून. चिडवू देत. आधी या, मग रागवा, मी ऐकून घेईन.

२१ जानेवारी १९९०

आज उदगीरला गेले, वकिलांना धरायला. ते घरी नव्हते. गुरुपादप्पांच्या घरी नातवाचं बारसं, तिकडे जेवायला गेलेले. गेले तिकडेच. नाहीतरी दोन्ही गिऱ्हाइकं एकाच ठिकाणी सापडली तर बरंच.

अंगणात पंगत बसलेली. दोघे साडू मांडीला मांडी लावून. पानात गव्हाची हुग्गी, शेजारी अर्धापूरची केळी. मी समोर उभी राहिले. वकिलांना विचारलं, महिना झाला की.

वकिलांनी घास गिळला. "बाई, बाहेरून बोलणं निराळं अन् सरकारात बसून निराळं. जहाजं कमी हायेत. टप्प्याटप्प्यानं करावं लागतंय. घाईत निघालो तर राष्ट्राची इज्जत जाईल."

मी गुरुपादप्पांकडे बघितलं. आता हे काय म्हणतात? तर ते म्हणाले, "हेच तर! अजून का आणली न्हाई फौज? आम्ही मोर्चा काढायलोत तहसीलवर. चांगुणाबाई, तुम्ही बोला मोर्चात. तुमच्यासारखं कुणी बोलत न्हाई."

मी हसायलाच लागले. म्हणाले, "अहो, तुम्ही एकमेकांची भाषणं नेलीत. घरातल्या घरात. पानं पण बदलून घ्या."

वाढणाऱ्या बायका पदराआड हसल्या. गुरुपादप्पांच्या मंडळी, शिवकांताबाई, तर उघड हसल्या. मग मी पिशवीतून दोन्ही शाली काढल्या. एक एकाच्या मांडीवर, एक दुसऱ्याच्या. थंडी आहे, पांघरा म्हटलं. पंगतीतल्या माणसाला उठता येत नाही, हे बरं असतं.

निघताना शिवकांताबाईंनी दारात गाठलं. "जेवून जा बाई. त्यांचं सोडा, माझ्याकडचं जेवा." माझी बदली ज्या घरातून निघाली त्या घरात मी स्वयंपाकघरात बसून जेवले. हुग्गी फार छान झाली होती. त्या म्हणाल्या, "माझा भाऊ बी चीनच्या टायमाला गेल्ता." आणि माझ्या पानात अजून एक पळी हुग्गी वाढली.

२० फेब्रुवारी १९९०

आता विधानसभेची निवडणूक. सकाळी एका पक्षाची जीप, दुपारी दुसऱ्याची. एक म्हणतो आम्ही पाठवलीच नव्हती मनापासून, दुसरा म्हणतो आम्हीच आणायलोत. सगळे एका माळेचे मणी. मल्लम्माला शिकवून ठेवलं होतं, तिनं दोघांनाही कानडीत उत्तर दिलं. बराच वेळ दिलं.

बदली रद्द झालेली नाही. होऊही नये आता. पोरींना बाराखडी येते. मागच्या बाकावरच्या नीलम्मानं परवा फळ्यावर स्वतःहून लिहिलं — "बाई रागीट आहेत पण चांगल्या आहेत." पुसलं नाही.

२५ मार्च १९९०

शेवटचं जहाज काल मद्रासला लागलं. शेवटचं! रेडिओ म्हणतो, तिथले मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत. पाठवताना बँड, आणि परत येताना कुणी तोंड दाखवत नाही. न येऊ देत. मी आहे ना. मी एकटी पुरेशी आहे.

शाळेला चार दिवसांची रजा टाकली. घर सारवून घेतलं. मल्लम्मा चौकटीला तोरण लावते म्हणते. एवढं रागावून बसलेला माणूस आल्यावर पहिलं काय बोलेल, याचाच विचार येतो. मी भांडणार नाही असं ठरवलंय. पहिला दिवस तरी.

२ एप्रिल १९९०

काल दुपारच्या मोटारीनं आले. आधी सासूबाई उतरल्या, मग त्यांनी हात वर करून कुबड्या घेतल्या, मग हे. डावा पाय गुडघ्याखाली नाही.

सुरुंग दसऱ्यानंतर फुटला. तार गावी, आईच्या नावानं गेली. दिवाळीपासून हे पुण्याच्या लष्करी दवाखान्यात होते. मी दिल्लीपर्यंत ज्यांना परत मागत होते, ते एका रात्रीच्या मोटारीवर होते.

मला का नाही कळवलं, म्हणून विचारलं. सासूबाई उठून चुलीकडे गेल्या. ह्यांनी कुबड्या भिंतीला टेकवल्या.

"मीच मायला म्हणलं होतं, तू सांगू नको, मी लिहितो. लिहायला बसलोच होतो तुला. तेवढ्यात माय आली पेपर घेऊन. लई खुशीत. बघ म्हणली, चांगुणाचा फोटू आलाय. तिला कुठं वाचता येतंय."

मग म्हणाले, "मी वाचलं."